कपातीचा रकाना

दवाखान्याच्या पगार विभागात दोन टेबलं होती. खिडकीजवळच्या टेबलावर एक बाई बसायच्या. लोकांना किती मिळायला हवं ते त्या लिहायच्या: मूळ पगार, भत्ते, रात्रपाळीचे जादा पैसे. दाराजवळच्या टेबलावर कपातराव बसायचे. त्यातलं किती मिळणार नाही ते कपातराव लिहायचे.

कपातराव हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हतं. पण सत्तावीस वर्षं माणूस एकाच रकान्यात नांदला की लोक त्याला दुसरं काय म्हणणार? भविष्यनिर्वाह, कर, विमा, वसतिगृहाचं भाडं, खानावळ, पतपेढी, उशिरा आल्याबद्दल दंड. दवाखान्यातल्या सहाशे सोळा माणसांच्या खिशाला महिन्यातून एकदा कात्री लागायची आणि ती कात्री कपातरावांच्या हातात असायची. माणूस मात्र मुळीच दुष्ट नव्हता. कोणाची रक्कम फार कापली गेली की त्यांना मनापासून वाईट वाटायचं. आधी ते कापायचे आणि मग हळहळायचे.

रोज आठ तास दुसऱ्याचं वजा करत बसलं की डोळ्यांना एक सवय लागते. वॉर्डबॉयला बढती मिळाली आणि तो पेढ्यांऐवजी नुसती बातमी घेऊन आला, तरी कपातराव म्हणायचे, "छान झालं. आता कर बसेल." भाच्याने घर घेतलं तेव्हा त्यांनी दारातच विचारलं, "हप्ता किती?" आणि मग आत जाऊन घर बघितलं. बायको म्हणायची, "यांना कोणी आंबा दिला तर हे आधी कोय मोजतील." यात थोडी अतिशयोक्ती होती. पण फार नाही.

गल्लीत मात्र त्यांना मान होता. पगाराच्या बाबतीत सगळे जण हवेत बोलतात, पण कपातरावांनी पगार आतून बघितलेला. त्यामुळे कोणाच्या मुलीला नर्सिंगच्या पदवीला जायचं असलं, त्यासाठी बँकेचं कर्ज काढायचं असलं, की आईबाप मुलीला पुढे घालून कपातरावांकडे यायचे. कपातराव चष्मा पुसायचे, जुन्या कॅलेंडरची पाठ घ्यायचे आणि पेन्सिलीने मांडायला लागायचे. नावं कोणाची घ्यायची नाहीत, एवढी सचोटी त्यांच्याकडे होती. आकडे मात्र पक्के.

"हे बघा, पदवीवाल्या नर्सचा पगार चाळीस हजार. ऐकायला बरं वाटतं. आता निधीचे गेले, विम्याचे गेले, खानावळ गेली. आणि ही पतपेढी." इथे ते पेन्सिल थांबवायचे आणि सुस्कारा टाकायचे. "पतपेढीचे चौदा हजार. दर महिन्याला. जवळजवळ प्रत्येक नर्सचे. हातात काय राहिलं? अठरा. त्यातून खोलीभाडं, जेवण, बसभाडं, फोन. उरले तीन. आता या तीन हजारांत तुमचं शिक्षणाचं कर्ज फेडा."

मुलीचा बाप भागाकार करायचा. वीस वर्षं, एकवीस वर्षं.

"आणि व्याज धरलं," कपातराव अगदी हळू आवाजात सांगायचे, "तर कधीच नाही."

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं म्हणून मंडळी उठायची. जाताना पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवायची. मुलगी आईबापांच्या मागून चपला घालायची. नंतर कपातराव एका छोट्या वहीत तिचं नाव लिहून त्यापुढे लिहायचे, 'वाचली.' आठ-नऊ वर्षांत त्या वहीत अकरा नावं झाली होती. दहांपुढे 'वाचली' होतं. एका नावापुढे होतं, 'ऐकलं नाही.'

ही न ऐकणारी म्हणजे मागच्या गल्लीतल्या शिंपिणीची मुलगी. सगळं गणित नीट ऐकून घेतलं, "बरं काका" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बँकेच्या कागदावर आईचा अंगठा घेऊन आली. चार वर्षांनी पदवी घेऊन ती कपातरावांच्याच दवाखान्यात लागली, पुरुषांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात. पहिल्या तीन-चार महिन्यांतच पतपेढीच्या यादीत तिचं नाव आलं. चौदा हजार. कपातरावांनी आकडा भरला आणि खिडकीजवळच्या बाईंना म्हणाले, "सांगितलं होतं हो मी हिला."

त्यानंतर चार वर्षं दर महिन्याला ते तिच्या नावापुढे चौदा हजार लिहीत आले. आकडा एकदाही कमी झाला नाही. पोरगी कर्जात गळ्यापर्यंत बुडालीय, एकातून सुटायला दुसरं काढतेय, हे त्यांना दिसत होतं. बोलून काय उपयोग? म्हणून त्यांनी आपल्या परीने मदत सुरू केली. कँटीनमध्ये ती दिसली की तिच्या चहाचे पैसे कपातराव देत. कधी टोस्टचेही.

"काका, रोज तुम्हीच काय?" ती म्हणायची.

"असू दे गं. तुझे दिवस कठीण आहेत," ते म्हणायचे.

ती हसून मान डोलवायची. तिचा वॉर्ड खरंच कठीण होता.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण यंदा कपातरावांच्या स्वतःच्या लेकीला नर्सिंगच्या पदवीची जागा मिळाली.

जागा मिळाल्याचं पत्र आलं त्या दिवशी लेक घरभर नाचली. चार वर्षांची फी सहा लाख. बँक द्यायला तयार होती, फक्त जामीनदार म्हणून बापाची सही हवी होती. तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कर्जमंजुरीचा कागद कॉलेजात द्यायचा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. हातात तीन आठवडे होते.

"सही करतो," कपातराव म्हणाले. "पण आधी हिशोब."

लेकीचं तोंड तिथेच उतरलं. ती लहान असल्यापासून हा हिशोब भिंतीपलीकडून ऐकत आली होती. पुढे काय येणार ते तिला पाठ होतं.

तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. लेक म्हणायची, मला आवडतं. बाप म्हणायचा, आवडीला व्याज लागतं. लेक म्हणायची, मी रात्रपाळ्या जास्त करीन. बाप म्हणायचा, मग तब्येतीचा खर्च धर. बायकोने एकदा मध्ये तोंड घातलं. "अहो, तुमच्या हिशोबाने या सगळ्या नर्सेस उपाशी मरायला हव्यात. मला तर बाजारात दिसतात त्या चांगली ताजी भाजी घेताना दिसतात. परवा एक जण फ्रीज बघत होती."

"कर्जाने," कपातराव म्हणाले.

"भाजीही कर्जाने?"

 बायकांना आकड्यांतलं कळत नाही असं त्यांना वाटलं, पण ते मनात ठेवण्याइतकं शहाणपण सव्वीस वर्षांच्या संसाराने दिलं होतं.

खरं सांगायचं तर त्यांनाही झोप लागत नव्हती. दुसऱ्याच्या मुलीला नाही म्हणणं सोपं असतं. चहा पिऊन ती आपल्या घरी निघून जाते. ही घरातच होती, ताट वाढत होती, बापाच्या शर्टाचं बटण लावून देत होती आणि बोलत नव्हती. कपातरावांचा तिच्यावर अतोनात जीव होता. म्हणूनच तर ते सही करत नव्हते. उद्या तिच्या पगारातून ते चौदा हजार स्वतःच्या हाताने कापायचे, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

शेवटच्या गुरुवारी त्यांना एक युक्ती सुचली. आपलं ऐकत नाही ना, मग जिने भोगलंय तिच्या तोंडून ऐकू दे. शिंपिणीच्या मुलीला घरी बोलवायचं, आणि तिने चार शब्द सांगायचे. चार वर्षांच्या चहाला एवढं तर ती जागेलच.

दुपारी दोनला पाळी बदलते. कपातराव वॉर्डात पोचले तेव्हा ती पुढच्या पाळीच्या सिस्टरला एकेक खाट दाखवत चालली होती. "सातला सकाळपासून ताप नाही. आठची नळी उद्या काढायची. नऊचे आजोबा जेवत नाहीत, पण त्यांची सून आली की जेवतात, तिला फोन केलाय." हातात फाईल होती पण ती बघत नव्हती. मग दोघींनी मिळून कपाटातल्या इंजेक्शनच्या बाटल्या मोजल्या, दोघींनी सह्या केल्या. कपातरावांना ते बघून बरं वाटलं. मोजूनमापून काम करणारी पोर, आणि नशीब बघा.

"काका, तुम्ही इकडे? माझ्या पगारात काही घोळ?"

"घोळ नाही गं. जरा बोलायचं होतं. खासगी."

ती त्यांना चादरींच्या खोलीत घेऊन गेली. तिथे एकच स्टूल होतं. ते त्यांना देऊन ती घडी घातलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसली आणि बूट काढून पाय चोळायला लागली.

"माझ्या मुलीला पदवीची जागा मिळालीय," कपातराव म्हणाले.

"अरे वा! पेढे कुठायत?"

"पेढे कसले? सहा लाखांचं कर्ज आहे. तू तिला जरा समजाव. मी सांगून पटत नाही. तू सांग, तुझी कशी दशा झालीय."

"माझी?" ती पाय चोळायची थांबली. "काय दशा झालीय माझी?"

कपातरावांना फार अवघड वाटलं. कोणाच्या पगाराबद्दल बोलायचं नाही हा त्यांचा नेम. पण पगार तिचाच होता. "हे बघ, मला सगळं दिसतं. दर महिन्याला पतपेढीचे चौदा हजार. चार वर्षं झाली, एक पैसा कमी नाही. तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. पण किती कर्ज राहिलंय अजून? मला सांग, मी कोणाला बोलणार नाही."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने चादरीत तोंड खुपसलं. कपातरावांना वाटलं, रडते. उठून पाठीवर हात ठेवावा म्हणून ते उठलेसुद्धा. तेवढ्यात तिने तोंड वर केलं. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"काका, कर्ज दीड वर्षापूर्वी संपलं! कॉलेजचं कर्ज बँकेत होतं ना, त्याला व्याज जास्त. नोकरी लागल्यावर पतपेढीने ते स्वतःकडे घेतलं, कमी व्याजाने. आम्ही सगळ्या तसंच करतो. तेव्हा फी कमी होती, अडीच वर्षांत फिटलं. मग मी त्यांना म्हटलं, आकडा तोच राहू द्या, आता ठेवीत टाका. सवय झाली होती हो तेवढ्यात भागवायची."

"ठेवीत?"

"ठेवीत. दोन-सव्वादोन लाख झालेत. आईला नवीन मशीन घेतलं त्यातून, तरी."

"आणि बाकीच्या? मेट्रनबाई? त्यांचेही सोळा हजार जातात."

"त्यांनी त्यातून शहराबाहेर जागा घेतलीय. आता दुसरी बघतायत."

कपातराव परत स्टुलावर बसले. पतपेढीकडून महिन्याला एक यादी यायची. त्यात नाव, नंबर आणि आकडा असायचा. आकडा कशाचा ते लिहिलेलं नसायचं, आणि कशाचा ते विचारणं त्यांचं काम नव्हतं. ते स्वतः पतपेढीचे सभासद कधीच झाले नव्हते. पतपेढी म्हणजे कर्ज, कर्ज म्हणजे बुडणं, एवढं त्यांना न विचारताच ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं.

पण खरी चूक त्यांना त्यापुढे दिसली. त्या चौदा हजारांत कॉलेजचंच कर्ज फिटत होतं. ते एकदा वजा करून अठरा हजार उरत होते. आणि कपातराव त्या अठरांतून घर चालवून, उरलेल्या तीन हजारांत तेच कर्ज पुन्हा फेडायला बसत होते. गल्लीतल्या अकरा मुलींच्या डोक्यावरचं एकच कर्ज त्यांनी दोन-दोनदा वजा केलं होतं, पेन्सिलीला टोक काढून.

"फुकट काही नाही हां काका," ती बूट घालता घालता म्हणाली. "पहिली तीन वर्षं मी नवीन कपडा घेतला नाही. पाय भरून येतात. सणासुदीला आपण ड्युटीवर आणि सगळे घरी. तिला हेही सांगा. पण बुडत नाही माणूस."

दारात ती थांबली. "म्हणजे तुम्ही चार वर्षं मला चहा पाजत होतात तो... माझ्या कर्जापायी?"

कपातराव चष्मा पुसायला लागले.

"आणि मला वाटायचं, मी तुम्हाला मुलीसारखी वाटते म्हणून," ती म्हणाली. यावेळी ती अर्धीच हसली.

त्या दिवशी कपातराव पाचच्या आत कचेरीतून निघाले. असं सत्तावीस वर्षांत दोनदाच झालं होतं. बसमध्ये त्यांनी तिकिटाच्या पाठीवर नवा हिशोब मांडला. कॉलेज संपेपर्यंत सहा लाखांचे व्याजासकट होणार सात लाख साठ हजार. चौदाचा हप्ता, पुढचं व्याज धरून. सहा वर्षं. जरा ओढाताण करून उरलेले तीनही त्यात घातले तर पावणेपाच. एकवीस नाही, 'कधीच नाही' तर नाहीच नाही. पावणेपाच. त्यांनी तीनदा तपासलं. उतरायचा थांबा मागे गेला आणि त्यांना अर्धा मैल परत चालत यावं लागलं.

घरात लेक टेबलापाशी बसली होती. समोर एक पाकीट होतं, चिकटवलेलं.

"बरं झालं लवकर आलात," ती म्हणाली. आवाज शांत होता. "बाबा, मी काल बसून सगळं स्वतः मांडलं. तुमचंच बरोबर आहे. मी उगाच हट्ट करत होते. उद्या सकाळी हे देऊन येते. जागा सोडत असल्याचं पत्र आहे."

तीन आठवडे कपातराव जे ऐकायला तडफडत होते ते त्यांना आता ऐकायला मिळालं. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. हे छप्पर त्यांच्या डोक्यावरच पडलं.

"थांब. थांब जरा. चुकलंय ते."

"काय चुकलंय?"

"हिशोब. माझा." त्यांनी बसचं तिकीट तिच्यापुढे ठेवलं. भराभरा सगळं सांगितलं: पतपेढी, ठेव, दोनदा वजा, पावणेपाच वर्षं. लेक ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले, पण आनंदाने नव्हे.

"आईने सांगितलं ना तुम्हाला?"

"काय?"

"मी काल रडले ते. सांगितलंच असणार. म्हणून तुम्ही आकडा वाकवताय." तिने तिकीट परत त्यांच्याकडे सरकवलं. "बाबा, नका ना असं करू. मला वाईट वाटू नये म्हणून सही करू नका. तुम्हीच म्हणता, आकड्याला माया लावायची नसते."

 आयुष्यात कपातरावांच्या आकड्यावर कोणी शंका घेतली नव्हती. दहा घरांतून दहा मुली त्यांच्या चुकीच्या हिशोबावर डोळे मिटून विश्वास ठेवून उठून गेल्या होत्या. आणि आज बरोबर आकडा हातात होता, तर पोटची पोर म्हणत होती, बाबा खोटं बोलताय.

ते म्हणाले, सिस्टरला फोन लाव. ती म्हणाली, तुम्ही तिला शिकवून ठेवलं असेल. ते म्हणाले, मेट्रनबाईंनी जागा घेतलीय. ती म्हणाली, कर्जाने. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. नवऱ्याचीच वाक्यं लेकीच्या तोंडून नवऱ्यावर येऊन आदळत होती. इतर दिवशी तिला मजा वाटली असती.

शेवटी कपातराव थकून खुर्चीत बसले. "चार वर्षं मी त्या पोरीच्या चहाचे पैसे देतोय," ते म्हणाले. आता ते पटवत नव्हते, त्यांची त्यांनाच लाज वाटत होती. "गरीब बिचारी, कर्जात बुडालीय, म्हणून. पावसाळ्यात टोस्टसुद्धा. तिच्या खात्यात सव्वादोन लाख आहेत. माझ्या खात्यात तेवढे नाहीत."

लेकीने मान वर केली. "तुम्ही तिला कीव म्हणून चहा पाजत होतात?"

"रोज."

"आणि ती पीत होती?"

"तिला वाटायचं, काकांचा जीव आहे."

लेकीला आधी खोकल्यासारखं काहीतरी आलं. मग ती हसायला लागली. बायकोही लागली. कपातराव बिचारे दोघींच्या मध्ये मान खाली घालून बसले. खोटं बोलणारा माणूस स्वतःला इतका बावळट ठरवत नाही, हे लेकीला कळलं. तिने तिकीट पुन्हा ओढून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. मग कागद घेतला, व्याज धरून स्वतः मांडणी केली. पावणेपाच. तिने पाकीट फाडलं.

"फॉर्म आण," कपातराव म्हणाले.

त्यांनी सही केली. सही करण्याआधी आकडा आणखी एकदा वाचला. चूक कळली तरी सत्तावीस वर्षांची भीती एका दुपारी जात नाही. लेक बापाच्या गळ्यात पडली. आणि तशीच, त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून म्हणाली, "बाबा, मग त्या वहीतल्या दहा जणींचं काय?"

शुक्रवारी बँकेतून मंजुरी घेऊन बाराच्या आत कागद कॉलेजात गेला. बापलेक दोघं जाऊन, फॉर्म रकाना-रकाना तपासून, पोचपावती घेऊन आले. संध्याकाळी लेक मैत्रिणींकडे गेली. कपातरावांनी वही खिशात घातली, चपला घातल्या आणि समोरच्या बिल्डिंगचे दोन जिने चढले. वहीतलं सगळ्यात जवळचं घर ते होतं.

दार त्या मुलीच्या आईने उघडलं. "या भाऊजी! मुलीला जागा मिळाली म्हणे तुमच्या. आणि तुम्ही सही केलीत? खरं की काय?"

"वहिनी, मी चुकलो होतो," कपातराव दारातच म्हणाले. आत जाऊन बसलं तर हे तोंडातून निघणार नाही असं त्यांना वाटत होतं. "सात वर्षांपूर्वी तुमच्या मुलीला जो हिशोब दिला तो चुकीचा होता. मी एकच कर्ज दोनदा धरलं. ती नर्स झाली असती तर आतापर्यंत फिटलंही असतं."

वहिनी खळखळून हसल्या. "तुम्ही आणि चुकाल? काहीतरीच बाई! अहो, तुमच्यामुळे वाचलो आम्ही. मी अजून सगळ्यांना सांगते, एका माणसाने वेळेवर सावध केलं म्हणून, नाहीतर लेक आज कर्जात असती. तुमची पोर हट्टाला पेटली असेल, म्हणून तुम्ही आता असं म्हणताय. कळतं हो आम्हाला, आपली पोर ती आपली पोर."

कपातराव तोंड उघडून परत काही बोलणार, तेवढ्यात त्यांना पाठीमागे पावलं ऐकू आली. मुलगी कामावरून येत होती. ती बुटांच्या दुकानात होती, सहा वर्षं. दिवसभर जमिनीवर एक गुडघा टेकून लोकांच्या पायात बूट चढवायची. पायरीवर ती केव्हापासून उभी होती कोण जाणे, पण सगळं ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आईसारखी ती हसली नाही.

"काका," ती म्हणाली, "वयाची अट किती असते हो?"

कपातरावांना ते ठाऊक होतं. सकाळीच लेकीच्या फॉर्मवर त्यांनी तो रकाना बोट ठेवून वाचला होता. प्रवेशाच्या दिवशी पंचवीस पूर्ण झालेली नसावीत.

"पंचवीस," ते म्हणाले.

मागच्या महिन्यात तिला पंचवीस पूर्ण झाली होती. तिच्या वाढदिवसाचा केक वहिनींनी त्यांच्याकडेही पाठवला होता, आणि कपातरावांनी दोन तुकडे खाल्ले होते.

ती पायरी चढून वर आली. त्यांच्या बाजूने वाट काढून आत गेली, खांद्यावरची पिशवी खुंटीला लावली आणि त्यांच्यासाठी खुर्चीवरचे कपडे उचलून खुर्ची पुढे केली.

"बसा ना काका," ती म्हणाली. "उभे का?"